बिनआरशाचा

ग्युमरीच्या बुद्धिबळगृहात मला पहिली पाच मिनिटं मिळतात.
मग पंच नुसती मान हलवतो
आणि मी काळ्या दगडाच्या जिन्यावर येऊन बसतो,
बॅटरी काखेत धरून. थंडीत ती लवकर मरते.
नव्या कॅमेऱ्याची म्हणे त्याहून लवकर.

एकवीस वर्षं हा एकच आवाज: खटॅक्.
आतला आरसा उठतो, आपटतो, पुन्हा जागेवर बसतो.
लग्नात कुणाच्या लक्षात येत नाही, झुर्ना वाजत असतो.
पण जिथे चाळीस मुलं श्वाससुद्धा मोजून घेतात
तिथे तो दार आपटल्यासारखा येतो.

गेल्या मार्चात तातुल, वय अकरा,
घोड्याकडे हात नेता नेता माझ्या खटक्याने दचकला
आणि बोट उंटाला लागलं.
हात लावला की तीच सोंगटी चालवायची.
त्याने चालवली.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.
फोटो उत्तम आला. तो मी कुणाला दिला नाही.

म्हणून आज रविवारी येरेवानला, व्हेर्निसाजच्या बाजारात,
गालिचे, पदकं, कुण्या मेलेल्या कर्नलची दुर्बीण,
आणि त्यापलीकडे श्मावोनचं टेबल.
तो माझा कॅमेरा उलटा करतो, सुटलेलं रबर नखाने उचलतो,
शटर किती पडलंय विचारतो.
तीन लाख, म्हटल्यावर दात न दाखवता हसतो.
"झिरायर, एवढ्यात नव्याचं झाकण येईल."
लेन्स जुन्याच चालतील, मध्ये एक कडं लावायचं.
कड्याचे पैसे वेगळे.
जावई म्हणतो, घेऊन टाका. तो हप्त्यांवरच जगतो.
सिरानुश म्हणते, आधी गुडघ्याला काहीतरी नवं लाव.

मी नवा डोळ्याला लावतो.
बाजार दिसतो, नितळ, जरा जास्तच नितळ,
नखाएवढ्या पडद्यावर.
उजेड आधी कुठेतरी हिशोब देऊन मग माझ्याकडे आलेला.
श्मावोन सावलीत उभा आहे, तर हा त्याची सावलीही उजळून दाखवतो,
न विचारता सगळं सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
बटण दाबतो. काहीच होत नाही.
म्हणजे झालेलं असतं. सत्तावीस वेळा.

जुन्यातली एक गोष्ट मी कुणाला बोललो नाही.
आरसा वर गेला की काळोख होतो,
पापणी लवावी एवढाच,
आणि नेमका तोच क्षण आत उमटत असतो.
मुलगी लग्नाच्या गाडीत बसताना एकदा मागे वळली.
सगळ्यांनी पाहिलं. मी काळोख पाहिला.
नंतर घरी येऊन बघितलं, रडवेली होती.

वडिलांच्या झेनिटमध्ये तर
रीळ पुढे ओढेपर्यंत आरसा खालीच यायचा नाही.
अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर. तेव्हा गावाचं नावही वेगळं होतं.
आमच्या शाळेच्या जागी मी एक फोटो काढला,
एकच,
आणि बराच वेळ रीळ ओढलं नाही.

हे श्मावोनला कसं सांगणार.
त्याला वाटतंय मी भाव पाडतोय.

पुढच्या शनिवारी सामने आहेत. तातुल पहिल्या पटावर.
या बिनआवाजाच्या डब्याला पंच पूर्ण डाव बसू देईल.
मुलगा हरला तरी माझ्यामुळे हरणार नाही.
आणि मला सगळं दिसत राहील, एकही क्षण न गाळता,
जे मी मागितलं होतं का, आठवत नाही.

"मग?" श्मावोन विचारतो.
माझं बोट अजून बटणावर.
पटावर सोंगटी सरळ करताना खेळाडू म्हणतात तसं
मी म्हणतो, "नुसता नीट ठेवतोय."

"ते हात लावायच्या आधी म्हणायचं असतं,"
श्मावोन म्हणतो,
आणि टेबलाखालून खोकं काढायला वाकतो.